स्कार्फच्या आतली जट

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

येत्या रविवारी फोनवर तुम्हाला आजीचे केस मानेपर्यंत कापलेले दिसतील. तुम्ही हसाल, "आजी, न्यू लुक!" म्हणाल, आणि मीही काहीतरी थाप मारून मोकळी होईन. तसं होऊ नये म्हणून आधीच लिहिते आहे. मामीकडून अर्धवट कळण्यापेक्षा माझ्याकडून पूर्ण कळलेलं बरं.

आमच्या घरी केसांची शिस्त किती कडक होती ते तुमच्या आईला विचारा. हिवाळ्यात तर जास्तच. धान कापून झालं की इथला कोरडा गार वारा मोकळ्या बांध्यांवरून, म्हणजे भाताच्या शेतांवरून, थेट अंगणात येतो. बाटलीतलं खोबरेल गोठून पांढरं होतं. ती बाटली सकाळी उन्हात ठेवायची, तेल पातळ झालं की बोटांनी मुळाशी जिरवायचं. केस दुपारीच धुवायचे, तेही कोमट पाण्यानं. कढत पाण्यानं ते राठ होतात. ओले केस बांधायचे नाहीत. फणी आधी टोकांना, मग वर. इथून जवळच्या गोरेगावला शाळेत इंग्रजी शिकवायची तेव्हा प्रार्थनेच्या रांगेत मी मुलींच्या वेण्या तपासायची. 'अनटायडी' हा शब्द तिथल्या कित्येक मुली माझ्याच तोंडून शिकल्या.

यंदा दिवाळीनंतर माझा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. तुमची मामी म्हणाली, "आई, बसा इथं, मी विंचरून देते."

"मला जमतं," मी म्हणाले.

जमत नव्हतं. पण माझ्या टाळूवरचे केस इतके विरळ झालेत की खालची कातडी दिसते. भांग इकडे-तिकडे सरकवून ते मी लपवत होते. सुनेच्या हाती डोकं दिलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. एवढीच गोष्ट, पण ती मला सहन होण्यासारखी नव्हती.

थंडीनं आयतं कारण दिलं. लोकरीचा स्कार्फ बांधला आणि तो काढेचना. अंबाडा न सोडताच डाव्या हातानं वरवर तेल थापायची, की पुन्हा स्कार्फ. झोपतानाही तोच. आत केस घासले, तेलावर धूळ बसली. एकदा मानेमागं काथ्याच्या दोरासारखं काहीतरी टणक हाताला लागलं. जट झाली होती.

जट म्हणजे न विंचरल्यानं घट्ट गुंतलेला केसांचा पुंजका. पण इकडे अजूनही पुष्कळ जण म्हणतात की ती देवीची खूण असते, तिला कात्री लावली तर कोप होतो. आमच्या शेजारणीच्या मुलीला अशीच एक जट झाली होती. टायफॉइडनं ती अंथरुणाला खिळली होती, तेवढ्या दिवसांत केस गुंतले. पोरीला नर्सिंगला जायचं आहे. ती माझ्यापाशी येऊन रडली, "बाई, मायले सांगा ना, कापू दे म्हना." मी तिच्या आईला बसवून समजावलं. देवी वगैरे काही नाही, हे फक्त न विंचरलेले केस आहेत, असं ठणकावून सांगितलं. आई कशीबशी तयार झाली. हे सगळं बोलले तेव्हा माझ्याही डोक्याला स्कार्फ होता.

मग एका दुपारी मी अंगणात उन्हाला बसले होते. कुणी नाही असं पाहून स्कार्फ सोडला आणि त्या गाठीत तेल घालू लागले. तेवढ्यात शेजारीण पाखडायला नेलेलं माझं सूप परत द्यायला मागच्या फाटकातून आली.

"अगे माय! हे का वो बाई? जट आली न तुमाले!"

मी स्कार्फ ओढला, पण उशीर झाला होता. ती पळत घरी गेली आणि हळदकुंकू घेऊन आली. माझ्या मानेमागं तिनं कुंकू लावलं, वाकून नमस्कार केला. आणि मी बसून राहिले. 'अगं, मी विंचरलंच नाही' एवढं एक वाक्य मला बोलता आलं नाही. देवी आली म्हणवून घेणं मला अनटायडी म्हणवून घेण्यापेक्षा सोपं वाटलं. पोरांनो, ते आठवलं की अजूनही माझी मान वर होत नाही.

ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईले देवीनं सोडलं नाही, त माह्या पोरीची कायले कापू मी? नाही कापत आता."

फाटकाशी ती मुलगी उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती, मी सूप पाहत होते.

 दुसऱ्या दिवशी सकाळी मामीला हाक मारली, तिच्यासमोर स्कार्फ काढला आणि टाळूवर तळहात ठेवून बसले. ती म्हणाली, "हात काढा आई. ते मला केव्हाचंच माहीत आहे. गच्चीवर कपडे वाळत घालताना वरून सगळं दिसते."

तिनं कोमट तेल घालून गाठ सोडवायचा खूप प्रयत्न केला. सुटली नाही. मग मी शेजारणीला आणि तिच्या मुलीला बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर सांगितलं, "मला देवी आली नाही. हात वर जात नव्हता आणि लाजेनं मी कुणाला विंचरू दिलं नाही. काल तुझ्यासमोर गप्प बसले, तेही लाजेनंच." मामीनं कात्री चालवली.

शेजारीण भडकली. "काल कुंकू लावून घेतलं न आज काऊन असं बोलून राहिल्या? कोप झाला त?"

"झाला तर माझ्यावर होऊ दे."

"पाहतो मी," ती म्हणाली आणि मुलीला घेऊन गेली.

ती खरंच पाहत राहिली. उघड्या मानेनं मला सर्दी झाली, तेव्हा तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी उशीत तोंड खुपसून शिंकायची. मामीला हसू आवरत नसे. संक्रांतीला शेजारीण तिळगूळ द्यायला आली, तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "धड दिसता," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीला घेऊन आली, पण मामी जट कापत असताना स्वतः पाठ फिरवून उभी राहिली. माझ्या नमस्काराला मात्र ती अजून उत्तर देत नाही. फाटकावरून जाताना ती दुसरीकडे बघते, आणि मला तिला हाक मारायला तोंड नाही.

मुलीचे केस आता सरळ आहेत. माझे मानेपर्यंत उरलेत, टाळूवर विरळच, आणि रोज दुपारी उन्हात बसवून मामी ते विंचरते.