उलटवलेली कॉलर

मी कपडे जुने करतो. हा माझा धंदा आहे आणि मी त्यात चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. विनयाने बोलायला लागलो तर ही गोष्ट पुढेच सरकणार नाही. दुकानातून नवाकोरा शर्ट आणून द्या, थोड्याच दिवसांत तो वर्षानुवर्षं अंगावर काढल्यासारखा करून देतो. पॉलिश पेपरने कोपर घासायचे, किसणीने कफची कड झिजवायची, चहाच्या पाण्यात बुडवून पांढऱ्याचा पांढरेपणा मारायचा, बगलेत रंगाचा फवारा मारायचा, तोही असा की घाम वाटावा, रंग वाटू नये. जोगेश्वरीला एका गाळ्यात माझं काम चालतं. बाहेर दोरीवर फाटके-विटके कपडे वाळत असतात आणि नवीन माणसाला वाटतं, इथे भंगारवाला राहतो. वाटू दे. पडद्यावर हिरो गरीब दिसतो तो निम्मा अभिनयाने, उरलेला निम्मा माझ्या गाळ्यातून जातो.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ना, तसं होतं. घाटकोपरला आमच्या घरात माझ्या कामाला काडीची किंमत नव्हती. आईला ते आवडत नव्हतं, आणि आवडत नाही ते मनात ठेवणाऱ्यातली ती बाई नव्हे. "मुलगा काय करतो?" असं कुणी विचारलं की "सिनेमात आहे" एवढं बोलून ती विषय बदलायची. एकदा बहिणीच्या सासूसमोर मीच उत्साहाने सगळं सांगून बसलो. घरी आल्यावर आई म्हणाली, "कपडे मळवतोस हे गावभर सांगायची काय गरज होती?"

तिचा राग मला कळायचा, म्हणूनच जास्त लागायचा. आमच्या आजोबांना गावी दुसऱ्यांनी टाकलेले कपडे घालावे लागले. नवं अंगात घातलेलं खपायचं नाही वरच्या जातीच्या लोकांना. त्यामुळे मुंबईत आल्यावर आमच्या घरात धुतलेला, इस्त्री केलेला कपडा ही हौस नव्हती, तो बाणा होता. पप्पा भांडुपच्या एका कारखान्यात दिवसभर मशीनसमोर उभे राहायचे, पण घरातून निघायचे ते साहेबासारखे. शर्ट मोजून दोन, पण रोज धुतलेला, नीळ दिलेला, कडक इस्त्रीचा. कॉलर झिजली की आई ती उसवायची, उलटी करायची आणि परत शिवायची. झिजलेली बाजू खाली जायची, चांगली वर यायची आणि शर्ट आणखी वर्षभर निघायचा. अशा बाईचा मुलगा नव्या शर्टांच्या कॉलरी मुद्दाम झिजवून पोट भरतो म्हटल्यावर तिने काय पेढे वाटायचे?

पप्पा माझं काम बघायच्या आधीच गेले. आई होती, आणि तिने बघावं असं मला फार फार वाटायचं. एक तरी सिनेमा तिने माझ्या शेजारी बसून बघावा आणि म्हणावं, हे तू केलंस होय रे? बक्षीसबिक्षीस नंतर. पण ती थिएटरात यायचं नावच काढायची नाही. "तुझ्या सिनेमातला गरीब बघवत नाही मला," म्हणायची. "त्यांच्या घरी नळ नसतो काय?"

मग तो सिनेमा आला. छोटा, एका कामगाराचा, त्याच्या बायकोचा आणि मुलीचा. गोष्ट ऐकली आणि मला पप्पाच दिसले. त्या माणसाकडे बरा असा एकच शर्ट असतो, फिका निळा, बारीक रेघांचा. मी ठरवलं, हा शर्ट पप्पांचाच करायचा. पप्पांच्या खिशात कारखान्यातल्या लॉकरची चावी असायची. घामाने ती गंजायची आणि खिशाच्या खालच्या कोपऱ्यात तपकिरी डाग पडायचा, प्रत्येक शर्टाला, त्याच जागी. तो डाग मी केला. आधी चिंध्यांवर करून बघितला, रंग जमेपर्यंत शर्टाला हात लावला नाही. आणि असा पक्का केला की धुतला तरी हलायचा नाही. शूटिंगमध्ये कपडे धुवावेच लागतात, माझा डाग पहिल्या धुण्यात गेला तर माझी इज्जत गेली. कॉलर तर इतकी सुरेख झिजवली होती की आतलं कडक कापड दोऱ्यादोऱ्यातून डोकावत होतं. अर्धं शूटिंग त्याच कॉलरवर झालं होतं.

कपडे मी कधी घरी आणत नाही. त्या शनिवारी आणला, कारण एक बटण बदलायचं होतं आणि सोमवारी सकाळी शूटिंग कांजूरमार्गच्या एका शाळेत होतं, घरून सरळ जाता आलं असतं. त्याचा जोडीचा शर्ट मारामारीच्या सीनमध्ये फाटला होता, म्हणजे उरला तो हाच. बटण लावून मी तो खुंटीला अडकवला. आईने विचारलं, "ह्यात काय करणार तो?"

"मुलीच्या ॲडमिशनसाठी शाळेत जाणार."

ती कॉलर बोटांनी चाचपत शर्टाकडे बघत राहिली. रविवारी मी दिवसभर मित्राच्या लग्नाला मुलुंडला होतो.

सोमवारी उठलो तर खुंटी रिकामी. दारामागे हँगरला शर्ट होता. धुतलेला, नीळ दिलेला, कडक इस्त्रीचा. आणि कॉलर उलटवलेली.

वाट लागली! माझं डोकंच सटकलं. "आई! काय केलंस हे?"

"धुतला," ती चहा गाळत म्हणाली. "कॉलरपण उलटवली. पहिल्यासारखे डोळे राहिले नाहीत, नाहीतर टाके अजून बारीक आले असते."

"अगं, किती दिवस घालवले मी त्या कॉलरवर! अर्धा सिनेमा झालाय त्या कॉलरचा!"

"खिशावरचा गंज तेवढा निघाला नाही. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवला, ब्रशने घासला. मेला जाईचना."

"जाणारच नाही! मी केलाय तो! तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

"ओरडू नकोस," ती म्हणाली, आणि आता तिचाही आवाज चढला. "मुलीच्या शाळेत कुठला बाप तसल्या कॉलरीने जाईल रे? तुला पहिलीत घातलं तेव्हा तुझे पप्पा कसे आले होते, आठव जरा. आदल्या दिवशी बसून मी कॉलर उलटवली होती. गरीब होतो आपण, गबाळे नव्हतो."

मी हँगरवरून शर्ट ओढला आणि दार आपटून निघालो. चहा तसाच राहिला.

रिक्षात शर्ट मांडीवर आणि पिशवीत पॉलिश पेपर. ठरवलं असतं तर सेटवर पोचायच्या आत मी ती कॉलर पुन्हा झिजवली असती, तेवढी जादू आहे माझ्या हातात. पेपर काढलाही. मग टाक्यांवरून बोट फिरवलं. जरा तिरके, पण घट्ट. आणि मला पप्पा दिसले, शाळेच्या ऑफिसबाहेर बाकावर, पाठ टेकवायची नाही म्हणून पुढे सरकून बसलेले. म्हातारी बरोबर होती. माझा राग गेला नव्हता, पण ती बरोबर होती. मी पेपर परत पिशवीत टाकला.

आमची कॉस्च्युम डिझायनर बोरिवलीची, वयाने माझ्याहून लहान आणि तोंडाने माझ्याहून मोठी. शर्ट बघून ती किंचाळलीच. "अरे, वेडा झालास काय? कॉलर कुठे गेली?"

"उलटवली. त्याच्या बायकोने."

"कोणाच्या बायकोने?"

"हिरोच्या. नवरा आज शाळेत मोठ्या बाईंसमोर उभा राहणार, तर ती गप्प बसेल का? काल तिने शर्ट धुतला आणि कॉलर उलटवली. आपण दाखवलं नाही, पण तिने केलं."

तिने कॉलर वर केली, खालची झिजलेली बाजू बघितली, परत खाली केली. "यार," एवढंच म्हणाली. मग शर्ट उजेडात धरून, "झकास आहे रे हे. पण सर ऐकतील?"

"ऐकायला लावू ना."

सर म्हणजे आमचे दिग्दर्शक. त्यांना पटायला वेळ लागला. एवढंसं कुणाला दिसणार आहे, म्हणाले. मी म्हटलं, जवळून घ्या, ज्याने असा शर्ट घातलाय त्याला दिसेल, आणि असे लोक थोडे नाहीत. तेवढ्यात हिरोने शर्ट घातला. मानेला कॉलर लागल्याबरोबर त्याची पाठ सरळ झाली, हात आपोआप शर्ट इन करायला गेला. मळक्या शर्टात इतके दिवस पोक काढून चालणारा तो माणूस एकदम वेगळाच उभा राहिला. दिग्दर्शकांनी सरळ कॅमेरा जवळ घ्यायला सांगितला.

त्यानंतरच्या सीनचे सगळ्यांचे कपडे मी परत करायला घेतले. मळ काढला, धुणं वाढवलं. झिजलेलं पण स्वच्छ, हे मळकटापेक्षा करायला कितीतरी अवघड, कारण लपायला जागाच नसते. ते मी जमवलं आणि फक्कड जमवलं. आईला मात्र एक शब्द सांगितला नाही. दार आपटून गेलेला माणूस इतक्यात हार मानत नसतो.

सिनेमा लागला, आणि वर्ष संपताना अंधेरीला एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. वर्षभरातल्या सिनेमांत पडद्यामागे ज्यांनी उत्तम काम केलं त्यांचा, म्हणजे कॅमेरा, आवाज, एडिटिंग, सेट, मेकअप, कपडे अशा सगळ्यांचा. आमच्या सिनेमाचं नाव कपड्यांसाठी होतं. मी आईला म्हटलं, "चल."

"मला काय कळतं त्यातलं?"

"एक शर्ट दाखवायचाय."

तिने माझ्याकडे बघितलं आणि कपाटातून बुद्धविहारात जायची पांढरी साडी काढली. माझ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली, धोब्यावर विश्वास नाही म्हणून. मेट्रोत जागा होती तरी बसली नाही. "बसले की इस्त्री मोडते," म्हणाली आणि घाटकोपर ते अंधेरी खांब धरून ताठ उभी राहिली.

हॉलमध्ये आम्ही मधल्या रांगेत बसलो. एकेका कामाचा तुकडा पडद्यावर दाखवत होते. एका सेटवाल्याने भिंतीला अशी ओल आणली होती की आई हळहळली, "ह्यांच्याकडेपण वरचा मजला गळतो वाटतं." मी सांगितलं, ती भिंत प्लायवूडची आहे. "काहीतरीच," ती म्हणाली. एका आवाजवाल्याने रिकाम्या घरातला नुसता पंख्याचा आवाज असा ठेवला होता की पूर्ण हॉल गप्प झाला. मी जोरात टाळ्या वाजवल्या. स्वतःचं काम येणाऱ्याला दुसऱ्याचं चांगलं काम बघून जो आनंद होतो, तो पोटभर झाला मला त्या दिवशी.

मग कपडे. बोलणारे गृहस्थ म्हणाले की यंदा आम्ही सगळे परीक्षक एका कॉलरपाशी अडलो, आणि पडद्यावर शाळा आली. बाक आला. त्यावर पुढे सरकून बसलेला माणूस आला.

"तोच शर्ट?" आईने विचारलं.

"तोच."

"कॉलर बरी बसलीय," ती म्हणाली, जणू शेजारच्या बाईने शिवली होती. हिरो उठला, वळला, आणि खिसा पडद्यावर मावेना एवढा मोठा झाला. खालच्या कोपऱ्यात डाग. आईने माझं मनगट धरलं.

"हा चावीचा?"

"हो."

"लॉकरच्या?"

"हो गं."

ती पडद्याकडेच बघत होती. "मी म्हणतेय, हा जात का नाही," ती म्हणाली. "त्यांच्या शर्टाचापण कधी जायचा नाही."

स्टेजवर डिझायनरचं नाव पुकारलं. तिने माइक हातात घेतला आणि दुसऱ्याच वाक्याला मला हाक मारली. लोक मागे वळून बघायला लागले. आई मनगट सोडेना.

"शर्ट नवा होता ना रे तो?"

"नवाकोरा. इथल्याच दुकानातला."

तेव्हा तिने सोडलं. माझी कॉलर दोन्ही हातांनी नीट केली. "मग जा की, बोलावतायत ना! आणि पोक काढून चालू नकोस."

मी गेलो, ताठ चाललो, डिझायनरबरोबर ते बक्षीस धरलं, काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. परत आलो तर आई पलीकडच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईंकडे पूर्ण वळून बसली होती. मी आल्याचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"माझा मुलगा तो," ती सांगत होती. "कपडे जुने करतो. डाग तर असा करतो, कितीही घासा, जात नाही."