दोन वाजता बंद होणारं शटर

ती गुरुवारची सकाळ आठवली, की निवृत्तीनंतर आजही मी खुर्चीत ताठ बसतो. जुन्या जालन्याच्या बाजारातून एकवीस दुचाकी चोरीला गेल्या होत्या. तपास माझ्याकडे होता आणि मी चुकीच्या माणसाच्या मागे लागलो होतो.

खबऱ्याने टीप दिली होती मस्तगडच्या एका मेकॅनिकची. "कोणतंबी लॉक उघडतो साहेब, अन् दुपारी दोनला शटर पाडून गायब होतो." मी सगळ्या फिर्यादींतल्या वेळा कॅल्क्युलेटरवर टाकून सरासरी काढली. बरोबर दोन! मी टेबलावर हात आपटला आणि मेकॅनिकला सलग तीन दिवस चौकशीला बोलावलं.

"दोनला नमाज अन् जेवणाला घरी जातो साहेब, बिलकुल खरं सांगून राह्यलो," तो म्हणायचा. बुधवारी तो रडायलाच लागला. "परवा पोरीचा निकाह हाय. मुलाकडच्यांच्या कानावर गेलंय. मला आत टाकलं तर बारात येणार न्हाई."

असं रडणं मी खूप पाहिलं होतं. त्याला घरी सोडलं, पण उद्या अटक करायची हे मनात पक्कं होतं.

आमच्या महिला हवालदाराला ते पटत नव्हतं. सगळ्या गुन्ह्यांचा तक्ता तिने संगणकावर स्प्रेडशीटमध्ये भरला होता. "सर, सरासरी नको, मोड काढू. कोणता तास सगळ्यात जास्त वेळा आलाय ते कळेल." तिने फंक्शन लिहिलं, तासांचा रकाना निवडला, एंटर दाबलं. उत्तराऐवजी एरर! मी हसलो. ती स्क्रीनला नाक लावून बघत राहिली आणि एकदम तिने कपाळावर हात मारला. फिर्यादीत असतात तसेच मराठी आकडे तिने टाकले होते आणि संगणक त्यांना अक्षरं समजत होता. एकवीसच्या एकवीस आकडे तिने इंग्रजीत पुन्हा भरले.

दहा!

नऊ चोऱ्या सकाळी दहाच्या. उरलेल्या बारा दुपारी एकपासून रात्री आठपर्यंत विखुरलेल्या, आणि दोनच्या तासाला एकही नाही. मी ज्या तासावर माणूस अडकवत होतो, त्या तासाची एकही फिर्याद नव्हती! त्या बारा फिर्यादी आम्ही परत वाचल्या. दुकानदारांनी गाडी जागेवर नाही हे लक्षात आल्याची वेळ सांगितली होती. कोणाच्या ते जेवायला निघताना लक्षात आलं, कोणाच्या दुकान वाढवताना.

"पण दहाला असं होतं काय?" मी विचारलं.

हवालदार रोज बदनापूरहून रेल्वेने ये-जा करायची. ती म्हणाली, "सर, त्याच्या थोडं आधी आमची गाडी येती."

गुरुवारी सकाळी आम्ही साध्या वेशात स्टेशनबाहेर उभे राहिलो. गाडी आली. लोक डबे, पिशव्या घेऊन बाहेर पडू लागले. हवालदाराने मला कोपर मारलं. एकाच्या हातात हेल्मेट होतं. रेल्वेने येणाऱ्याला हेल्मेट कशाला? तो ऑटोत बसला, आम्ही मागे. कापडाच्या दुकानांपुढे उतरून त्याने ओळीतल्या दोन दुचाकींना चावी लावून पाहिली, तिसरीचं लॉक उघडलं आणि आम्ही त्याची कॉलर धरली.

ठाण्यात मी पहिला प्रश्न हेल्मेटचाच विचारला. तो म्हणाला, "न्हाई घातलं तर तुमचेच लोक अडवतात ना, साहेब." सगळं ठाणं हसलं. संध्याकाळपर्यंत त्याने दाखवलेल्या शेडमधून अठरा गाड्या पंचनामा करून जप्त केल्या.

या केसने मला माझीच खोड दाखवली. उत्तर मी आधी ठरवलं होतं आणि हिशेब नंतर केला होता. म्हणून जुळणारा आकडा मिळताच पुढे पाहिलंच नाही.

शुक्रवारी मी वर्दीत निकाहच्या मांडवात गेलो. बारात आली होती, पण मला पाहताच मुलाकडचे उठून उभे राहिले. मुलाच्या वडिलांसमोर उभं राहून मी मोठ्याने म्हणालो, "चोर सापडला. तुमच्या व्याह्यांवर संशय घेतला ही माझी चूक. मी माफी मागायला आलोय."

मेकॅनिक पुढे आला. त्याने माझा हात धरून मला पंगतीत बसवलं, ताट पुढे सरकवलं आणि म्हणाला, "जेवा साहेब. आज दिवसभर शटर बंद हाय."