काकांच्या घरचं जड मत

कोलकात्यात आमच्या सोसायटीत मराठी घरं चारच, तरी गणपती बसतो आणि त्याला अध्यक्षही लागतो. केंद्र सरकारातून निवृत्त झालेले तिसऱ्या मजल्यावरचे काका हे पद वर्षानुवर्षं सांभाळत होते. गेल्या वर्षी मुलांनी निवडणुकीचा हट्ट धरला आणि काकांविरुद्ध मला उभं केलं.

"घरटी एक मत," माझी मुलगी म्हणाली.

"छे! राष्ट्रपतींसारखी करू." राष्ट्रपती निवडताना सगळ्या आमदारांची मतं सारखी नसतात, काकांनी समजावलं. राज्याची लोकसंख्या जास्त, आमदारामागे माणसं जास्त, तर मत जड. म्हणून उत्तर प्रदेशचा आमदार सिक्कीमच्या आमदाराला भारी. "आणि लोकसंख्या आजची नाही, एकाहत्तर सालची! कुटुंब आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना फटका नको."

"मग आपल्याकडे?" मी साळसूदपणे विचारलं.

"घरात जेवढी माणसं, तेवढं वजन. जुन्या घरांची मात्र पहिल्या गणपतीच्या वेळची धरायची."

जुनं घर एकच, त्यांचं. तेव्हा आईवडील, भाऊ-भावजय, मुलं धरून नऊ जण होते, आता दोघंच. आमचं वजन चार, तळमजल्यावरच्या बँकवाल्यांचं तीन, आयटीतल्या जोडप्याचं दोन. काका खुशीत होते.

"पण काका, उमेदवारानं स्वतःलाच मत देणं बरं दिसेल?"

"मुळीच नाही! आमच्याकडून ही टाकेल."

मी काकूंकडे बघायचं टाळलं. आदल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या, "अध्यक्ष हे होतात आणि धावपळ माझी होते."

समोरचे बंगाली गृहस्थ हौसेनं मतमोजणीला बसले. तीन आणि दोनच्या चिठ्ठ्या काकांना, चारची मला. मग नऊची उघडली. तीही मला! मतदान गुप्त होतं खरं, पण नऊ आकड्याची चिठ्ठी एकच. सगळ्यांच्या माना वळल्या. काकू पंख्याकडे बघत होत्या.

"तेरा विरुद्ध पाच," मुलगी म्हणाली. "आजोबा, एकेक मत असतं तर टाय झाला असता ना?"

काका घसा खाकरून म्हणाले, "ठीक आहे. पण राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालावं लागतं. पंतप्रधान मी."

मांडव, प्रसाद, आरतीची वेळ सगळं त्यांनीच ठरवलं आणि त्यासाठी जिने चढले-उतरलेही तेच. मी होकार देत राहिले. काकू रोज वेगळी साडी नेसून पहिल्या रांगेत बसायच्या.