डिकीतला कोरा टायर

हारूनभाईंचं टायरचं दुकान मस्कतजवळ सीबच्या जुन्या सूकच्या, म्हणजे बाजाराच्या मागे होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक कॉम्प्रेसर आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. माणूस मूळचा हर्णैचा, मस्कतला येऊन बावीस वर्षं झालेली. ऑक्टोबर लागला की आम्ही भारतीय मंडळी त्यांच्याकडे रांग लावायचो. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे उकाडा. इथे मात्र ऑक्टोबरात लोक खिडक्या उघडतात आणि सुट्टीला डोंगराकडे गाड्या काढतात. गाड्या उन्हाळाभर भाजलेल्या, वायपरचं रबर वाळून कडक झालेलं, आणि मालक दोन महिने पुण्यात लोळून नुकतेच परतलेले. पहिला पाऊस पडून वादी, म्हणजे एरवी कोरडं असलेलं नदीचं पात्र, भरून वाहायला लागली की मग सगळ्यांना वायपर आठवतो.

हारूनभाई हसत नसत, रागवतही नसत. गाडीपुढे उकिडवे बसायचे, टायरच्या कडेवरचे चार आकडे अंगठ्याने पुसायचे आणि मोठ्याने वाचायचे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर कारखान्यात कधी बनला ते त्यावरून कळतं. "तेविसावा आठवडा, दोन हजार अकरा. खलास." एवढंच बोलणं. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. मला हा माणूस घुम्या आणि थोडा आढ्यताखोर वाटायचा, हे कबूल करतो.

२०१६ च्या ऑक्टोबरात माझ्या मागच्या टायरला फुगा आला. कुरुमच्या ऑफिसातून लवकर सुटून मी दुकानात गेलो आणि म्हणालो, "डिकीत स्पेअर आहे, अगदी कोरा. गाडी घेतल्यापासून जमिनीला लागलेला नाही. तोच लावा." सांगताना मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटत होतं. वस्तू जपून ठेवली की ती नवीच राहते, या समजुतीवर आमची घरं चालतात. उत्तराने, म्हणजे माझ्या बायकोने, लग्नातले काचेचे ग्लास अजून खोक्यातून बाहेर काढलेले नाहीत.

"नाय," हारूनभाई म्हणाले.

"का?"

"डिकी पण तापते, साहेब. रबर वापरला नाय तरी शिजतो."

मी पुणेरी हट्टाने वाद घालत राहिलो. त्यांनी वर पाहिलं नाही. टायरचं माप सांगावं तशा आवाजात ते बोलायला लागले.

"माझा भाऊ नुमान असंच बोलला होता. दोन हजार बाराला. स्पेअर नवा हाय, लाव. मी आकडे वाचले. टायर सहा वर्षांचा होता. तो घाईत होता, मी पण. लावला. रुस्ताकच्या रस्त्यावर फुटला. गाडी उलटली, नुमान गेला."

बोलताना पाना चालूच होता.

"घरात माहीत आहे?" मी विचारलं.

"टायर फुटला ते माहीत हाय. कुणी लावला ते भावजय खुदेजाने विचारलं नाय, मी बोललो नाय. चार वर्षं झाली, मला कशाचं काय वाटत नाय. जेवतो, झोपतो. ईदला पण काय वाटत नाय. त्या घरातली एक उजमा येते, नुमानची पोर. तिला सांगितलं तर ती पण यायची नाय." मग म्हणाले, "आज येणार हाय. नवीन लायसन्स. रुस्ताकच्या शाळेत नोकरी लागली, उद्यापासून रोज तोच रस्ता."

मला वाद घातल्याची लाज वाटली. नवे टायर टाका म्हणालो आणि खुर्चीवर बसून राहिलो.

माझी मागची चाकं उतरलेली असतानाच उजमा आली. बावीस-तेवीसची, घाईतली, बोलणं इंग्रजी शाळेतलं. "चाचा, बॅकचा एक टायर पूर्ण गेलाय. गाडीच्या बूटमध्ये स्पेअर आहे, एकदम फ्रेश, वन टाइम पण यूज नाही केला. अम्मी बोलली तोच लावून घे."

हारूनभाईंनी डिकी उघडली, आकडे पुसले. या वेळी मोठ्याने वाचले नाहीत. "हा नको. नवीन टाकतो."

"बट व्हाय? दिसतो तर नवा."

एरवीसारखं 'रबर शिजतो' म्हणून त्यांना सुटता आलं असतं. मी तेच ऐकायची वाट पाहत होतो. त्यांनी डिकीच्या कडेवर हात ठेवला.

"तुझ्या पप्पाच्या गाडीला असाच लावलेला. मी लावलेला. आकडे वाचून."

उजमा रडली नाही. "वाचले होते तुम्ही?"

"होय."

"आणि तरी लावला?"

"होय."

ती निघून जाईल असं मला वाटलं. तिने किल्ली मुठीत घट्ट धरली होती. मग म्हणाली, "कसं वाचायचं, मला शिकवा."

त्यांनी शिकवलं. माझी गाडी जॅकवर तशीच ठेवून तिच्या गाडीला चार नवे टायर घातले, पाचवा डिकीत ठेवला. काम झाल्यावर उजमा खाली बसली. अंगातल्या लांब अबायाची कड धुळीत लोळत होती. एकेका टायरवरचे आकडे तिने स्वतः पुसले आणि मोठ्याने वाचले. "थर्टी-वन, सिक्स्टीन." चारही वेळा. मग डिकी उघडून पाचवा वाचला. मग हात पुढे केला. हारूनभाईंनी पाना दिला, आणि त्यांनीच आवळलेला प्रत्येक नट तिने त्यांच्यासमोर पुन्हा आवळून पाहिला.

जाताना सलाम केला नाही. बेल्ट लावला, काच खाली केली. "शुक्रवारी वायपर बदलायला येते. टायरची हवा मी स्वतः चेक करेन. तुम्ही बाजूला उभे राहा."

गाडी इंडिकेटर देऊन वळली. हारूनभाई तिथेच उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. तो थरथरत होता.

"थांबत नाय, साहेब," ते म्हणाले.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. माझ्या गाडीचे नट त्या दिवशी मीच आवळले.