उबेला ठेवलेलं पोर

औंधला मी उतरायलाच नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्यात मिलिटरीची भरती होती आणि मी सांगलीहून एसटीत बसलो होतो. नुसतं बसून राहायचं, एवढंच काम... पण खिडकीतून यमाईचा डोंगर दिसला आणि उतरलो.

ही सत्तरच्या दशकातली, मधल्या वर्षांतली गोष्ट. शाळा नववीत सुटलेली. सांगलीच्या हळदीच्या पेठेत थोडे दिवस हमाली केली, तिथेही जीव रमला नाही. महिनाभर एका जागी टिकलो असं कधी झालंच नव्हतं.

दर्शन घेतलं आणि डोंगर उतरलो तो मागच्या अंगाने, का ते विचारू नका. खाली माळावर धनगरांचा तळ दिसला. पौषाचे दिवस, वारा नुसता झोंबत होता... म्हटलं चहा मिळेल.

पालाच्या तोंडाशी एक म्हातारी घोंगडीत काहीतरी घट्ट धरून बसली होती. मला वाटलं, कोकरू असेल. नातू होता. आदल्या रात्री जन्मलेला, दिवस भरायच्या पुष्कळ आधी. रडत नव्हता. डोळेही उघडत नव्हता.

आई आत तापाने फणफणलेली. बाप पहाटेच गाडीच्या शोधात गेलेला, बाकीची माणसं मेंढरांमागे. तळावर म्हातारी एकटी.

तिने मला नाव-गाव विचारलं नाही. उलटा हात आधी माझ्या मानेला लावला, मग सदऱ्यात घालून छातीला.

"अंग ऊन हाय तुजं. आजारी-बिजारी न्हाईस न्हवं?"

"न्हाई, आजी."

"मग सदरा काड आन् बस हितं. माज्या हाडात आता काय ऱ्हायलं न्हाई. सकाळधरनं धरलंय, तरी पोर गारच पडाय लागलंय."

मला काही कळायच्या आत ते पोर माझ्या छातीवर होतं. उघड्या अंगाला उघडं अंग, वरून घोंगडी. वजन असं काही नव्हतंच... ओला रुमाल ठेवल्यासारखं गार.

मी आगटीकडे सरकायला लागलो तर तिने अडवलं. "धग नगं त्येला. धगीनं एक अंग भाजतंय, दुसरं गार ऱ्हातंय." आत सुनेच्या कमरेला ती तापवलेल्या विटेचा शेक देत होती. म्हटलं, एक वीट इकडेही द्या. "शेक येतो आन् जातो. पोराला ऊब पायजे. ती थांबती."

(परवा इथल्याच एका ग्रुपवर कुणीतरी 'ऊब'ला दुसरे शब्द मागितले होते. लोकांनी भराभर लिहिलं... उष्णता, उष्मा, गरमी, आच, धग, उबारा. एका बाईंनी कूस लिहिलं, एकाने माया. सगळं बरोबरच असेल. पण वाचताना मला ती म्हातारीच दिसत होती. तिने यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालवून घेतला नसता.)

तर बसलो. आणि बसणं हेच मला जमत नव्हतं. पायाला मुंग्या, पाठीला रग. हललो की म्हातारीची नजर यायची.

"कुटं निगाला हुतास?"

"साताऱ्याला. भरतीला."

"तितं काय करत्यात?"

"आधी पळवत्यात."

"मग घेतील तुला. पाय लय वळवळत्यात तुजं."

मध्येच पोराचा श्वास थांबल्यासारखा व्हायचा. मग मीही श्वास धरायचो... त्याने घेतला की मी घ्यायचो.

उन्हं कलली तसा खालच्या रस्त्याला धुरळा दिसला. साताऱ्याची गाडी, त्या दिवसाची शेवटची. म्हातारीनेही पाहिला. "जायचं असंल तर जा बाबा. मी घेते त्येला," म्हणाली आणि हात पुढे केले. ते हात थंडीने काळेनिळे पडले होते.

मी घोंगडी आणखी घट्ट ओढून घेतली. धुरळा खाली बसेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिलो.

दिवस मावळता बाप आला, कुणा कंत्राटदाराची जीप घेऊन. आई आणि पोर, दोघांनाही कराडच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. जीपमध्ये बसून बापाने अंगातला सदरा काढला आणि म्हातारीने पोर माझ्या अंगावरून उचललं.

वारा लागला आणि ते रडलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा. बारीक, पण तोंड वेडंवाकडं करून, रागाने. बाप घाबरला.

"रडू दे," म्हातारी म्हणाली. "ऊब तुटली म्हणून रडतंय. तेवढं बळ आलं त्येला."

माझ्या छातीला, ते होतं तेवढ्याच जागेवर, एकदम गार वाटायला लागलं. इतका वेळ मला वाटत होतं, देणारा मी एकटाच आहे...

जीप गेली. मला आता अडवणारं काही नव्हतं, पण पाय निघेना. तळावरच राहिलो. मेंढरांमागे हिंडलो, भाकरी खाल्ली, रस्त्याकडे बघत बसलो. चार-पाच दिवसांनी बाप चालत आला आणि लांबूनच म्हणाला, "पाव्हणं, जगतंय. दूध वडाय लागलंय." म्हातारी तोंडाला पदर लावून पालात गेली. मी त्याच दुपारी निघालो.

माझी आई मी लहान असतानाच गेली. चुलत्याच्या घरातून कितीदा निघालो, उंबऱ्यापर्यंत कुणी आलं नाही, आणि मला त्याचं काही वाटायचंही नाही. माझ्यापासून दूर नेलं म्हणून रडलेलं पहिलं माणूस एका दिवसाचं होतं. त्याचं नावसुद्धा अजून ठेवलेलं नव्हतं... नाहीतर आज नाव घेऊन आभार मानले असते.