रावेतची उलटी मोटार

चिंचवडच्या फलाटावर उतरलो तेव्हा खिशातला नवा पेचकस लोकांना दिसावा म्हणून मी मुद्दाम वर काढून ठेवला होता. माझी विजेच्या डिप्लोमाची लेखी परीक्षा संपली होती, तोंडी व्हायची होती. वर्गमित्राच्या चुलत्यांनी, तात्यांनी, रावेतला पवनेकाठी गावातली पहिली विजेची मोटार बसवली होती. ती पाणी ओढीना. मित्र तापाने आडवा, म्हणून त्याने मला धाडलं.

स्टेशनपासून पायवाट होती. मागे पिंपरीकडे कारखान्याचे नवे पत्रे चमकत होते, पुढे नुसता ऊस आणि रचलेला कडबा. ओढ्यात पाय घसरून एक चप्पल तुटली, त्यामुळे साहेब अनवाणीच गावात शिरले.

"या इंजिनेरसायेब!" तात्यांनी ओसरीवर घोंगडं अंथरलं. अजून पास व्हायचोय, हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. भाकरी, वांग्याचं पातळ कोरड्यास आणि बुक्कीने फोडलेला कांदा असं झकास जेवलो.

नदीवर निम्मं गाव जमलं होतं. मोटार झोकात फिरली, पण नळातून धार आली करंगळीएवढी. जोडणी शिदू वायरमनची होती. शिदू पिंपरीच्या कारखान्यात कामाला, शाळेचं तोंड न पाहिलेला. वीज कालच आली, तेव्हा तो शिफ्टला होता; मोटार फिरताना तो आज गर्दीत उभा राहून पहिल्यांदाच पाहत होता. गावात आणखी चौघे मोटारी घेणार होते आणि ते काम त्यालाच मिळायचं होतं.

दोन तास मी नळ खोलले, पंप उघडला, पुन्हा बसवला. काही सापडेना. लोक हळूहळू हसायला लागले, तसा मी तिरमिरून म्हणालो, "ही जोडणी कुणी केली? अडाण्याचं काम आहे हे!"

तात्या शिदूवर खेकसले. तो थोड्या वेळाने तांब्या घेऊन माझ्याजवळ आला आणि वाकून पुटपुटला, "सायेब, चाक उलटं फिरतंय. तिनातल्या दोन तारा अदलून बघा. तुमीच करा, बरं दिसंल."

हे मला पुस्तकातून तोंडपाठ होतं! मी तारा बदलल्या. मांडीएवढी धार उसळली, नारळ फुटला आणि लोकांनी मला जवळजवळ उचललंच.

"बघितलंस? शिक्षान म्हंत्यात ते ह्ये," तात्या शिदूला म्हणाले. "आता बाकीच्या मोटारी तुज्या हाती न्हाई द्यायच्या."

"व्हय, तात्या," एवढंच शिदू म्हणाला आणि पिशवीत पक्कड भरू लागला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नारळाच्या खोबऱ्याकडे पाहत होतो.

पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "मोटार उलटी फिरली तर?" मी ताडकन सांगितलं. "हाताने केलेलं दिसतंय," ते खूश होऊन म्हणाले. मी म्हणालो, "हो, सर."

डिप्लोमा मिळाला. मला माझी लाज वाटत होती, म्हणून तात्यांना खरं सांगायचं ठरवून पुन्हा चिंचवडचं तिकीट काढलं. गाडी स्टेशनात थांबली. दाराशी उभा राहून मी रावेतची पायवाट पाहिली. शिट्टी झाली, गाडी हलली, तरी मी दारातच होतो. पुढे देहूरोडला उतरलो आणि पुण्याची परतीची गाडी धरली.