अनिएल्लोची नखं

सांता लुचियाच्या किनाऱ्यावर अनिएल्लोला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्यात त्याचं कर्तृत्व काडीचंही नव्हतं. जन्मभर त्याने एकच काम केलं. होड्यांच्या फळ्यांमधल्या फटींत वाख ठासायचा आणि वरून गरम डांबर ओतायचं. असं काम करणारे नेपल्सात पायलीला पन्नास मिळतात. पण कोळ्यांच्या देवळात संत आंद्रेयाचं चित्र लावायचं ठरलं, तेव्हा एस्तेबान नावाच्या स्पॅनिश चित्रकाराने बंदरावरून जाता जाता अनिएल्लोची दाढी पाहिली आणि संताच्या चेहऱ्यासाठी त्याला उचलून नेलं. तिथून याची साडेसाती सुरू झाली.

आमच्याकडे संतांशी व्यवहार रोखठोक असतो. पावला तर मेणबत्ती, नाही पावला तर शिव्या. खुद्द शहराचा राखणदार सान जेन्नारो, पण त्याचं कुपीतलं सुकं रक्त सणाला वितळायला उशीर झाला, तर म्हाताऱ्या त्याला भर देवळात ‘पिवळ्या तोंडाच्या’ म्हणतात, मग आंद्रेयाची काय कथा. त्यात हा वेदीवर उंच, मेणबत्त्यांच्या धुरात बसलेला, आणि त्याचा चेहरा मात्र खाली बंदरात डांबर ढवळत असलेला. जाळं भरून आलं की अनिएल्लोच्या पाटीत न मागता मांदेली पडायची. रिकामं आलं की देवळाची चढण चढायचे कष्ट कोण घेणार?

“काय रे, झोपला होतास का?” मासळीवाली झेझा टोपली आपटून विचारायची. “परवा मेणबत्ती लावली ती काय उंदरांनी खाल्ली?”

“अगं, मी संत नाही. मी अनिएल्लो.”

“तोंड तुझंच ना? मग ऐकून घे.”

तो ऐकून घेई. मांदेली खाल्ल्यावर शिव्याही पचवाव्या लागतात, एवढा न्याय त्याला कळत होता. त्याच्या वर्मी लागली ती वेगळी गोष्ट.

त्याची धाकटी बहीण पोपा समोरच्याच दारात राहायची. तिचा नवरा प्रोचिदा बेटावरून परतताना वादळात सापडला. रात्रभर ती देवळात त्या चित्रासमोर गुडघ्यावर होती. होडी परत आली नाही. सकाळी ती उठली, शिडी मागवली, आणि चित्राचं तोंड भिंतीकडे फिरवून घरी गेली. पाद्रीबाबांनी चित्र सरळ केलं, पण पोपा सरळ झाली नाही. अनिएल्लो दारात दिसला की ती पाठ फिरवून उभी राही. तिच्या डोक्यात साधा हिशोब होता: सख्खा भाऊ वर बसलेला असून त्याने ऐकलं नाही. तिला समजावायचं म्हटलं तर ऐकायला तिचं तोंड तरी इकडे हवं ना. असे कितीतरी हिवाळे गेले.

मग एके दिवशी एस्तेबान पुन्हा बंदरावर आला. स्पेनमधल्या कुणा सरदाराला ग्रंथालयात टांगायला जुना विद्वान हवा होता.

“यावेळी संत नाही,” तो म्हणाला. “ग्रीक पंडित. भूमितीचा.”

अनिएल्लोने डांबराची काठी खाली ठेवली. “मालक, त्याला कुणी नवस बोलतं का?”

“कोण बोलणार? ख्रिस्ताच्या आधीच मेला तो. बाप्तिस्मासुद्धा नाही.”

“मग मला तोच करा.”

ज्याच्याकडे कुणी काही मागत नाही असं एक तरी तोंड आपल्याला असावं, एवढीच त्याची इच्छा होती. ते तोंड पोपाला दाखवता आलं तर, हे तो कुणाला बोलला नाही.

पहिल्या दिवशी तो हात राखेने आणि लिंबाने घासून गेला. संताच्या वेळी पाद्रीबाबांनी तशी ताकीदच दिली होती, आणि देवळातल्या आंद्रेयाची बोटं आजही मेणासारखी स्वच्छ आहेत. एस्तेबानने ते हात पाहिले आणि कपाळाला हात लावला.

“हे कुणाचे हात आणलेस? जा, कामाला लाग. काळे झाले की ये.”

तेव्हा अनिएल्लो परत बंदरावर गेला आणि आठवडाभराने नखांत डांबर घेऊन आला. फाटका डगला, एका हातात कंपास, पुढ्यात उघडं पुस्तक. पुस्तकात त्रिकोण काढलेले होते, ते त्याला शिडांसारखे वाटले. बसून बसून पाठीचा काटा ढिला झाला, पण तक्रार केली नाही. तिथे त्याला कुणी काही विचारत नव्हतं, आणि तो सुखात होता.

चार वेदींच्या सणाला, रस्त्यात वेद्या मांडून मिरवणूक निघते तेव्हा, चित्रकार आपली चित्रं रस्त्यात भिंतींवर लावतात. एस्तेबाननेही पंडिताला बाहेर टांगलं. झाली की गर्दी. झेझाने पाहिलं आणि टोपली ठेवून गुडघेच टेकले.

“उठ, उठ,” अनिएल्लो धावला. “हा संत नाही. ग्रीक आहे. त्याच्याकडे काही मागू नकोस.”

“मग हा करतो काय?”

“विचार करतो.”

“एवढंच? मग आमच्या घरातल्याला का नाही टांगत?” झेझा गुडघे झटकत उठली. “आणि हा लटकणार कुठे?”

“उद्या जहाजावर चढतो. स्पेनला.”

लोक हसले, पांगले. तेव्हा त्याला दिसलं, पलीकडच्या भिंतीशी पोपा उभी होती. ती चित्राकडे पाहत होती. त्याच्याकडे नाही, पण तोंड फिरवलेलंही नव्हतं.

ती जवळ आली. त्याला सांगायचं होतं, की हा काही करू शकत नाही, याच्याकडे कुणी काही मागतच नाही, मग न ऐकण्याचा प्रश्नच येत नाही. पोपाने कपाळावरच्या सुरकुत्या पाहिल्या, डगल्याचं भोक पाहिलं, आणि मग कंपास धरलेल्या हातापाशी थांबली. लहानपणी याच हाताला धरून ती बंदरावर चालायला शिकली होती, आणि तिच्या झग्यावर नेहमी काळे डाग पडत.

“हा तूच आहेस,” ती म्हणाली.

अनिएल्लोला भर रस्त्यात रडू फुटलं. त्याने ते पुसायचाही प्रयत्न केला नाही.

पोपा अजून चित्राच्या बोटांकडेच पाहत होती.

“नखं तरी धुवायची होतीस, दादा,” ती म्हणाली. “परक्या मुलखात चाललायस.”